दमानं घ्या: श्वासाचा सराव आणि उशिरा कळणारा फरक



या मालिकेतलं हे सहावं भाषण. आधीच्या पाच भाषणांत बसायचं कसं, श्वास मोजायचा कसा, गुडघे दुखत असतील तर खुर्ची कशी वापरायची, हे सगळं झालं. आज कृती थोडी बाजूला ठेवू आणि एका प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न मला इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, बेळगावहून येतो. हैदराबादच्या एक ताई तर दर महिन्याला विचारतात. "तीन आठवडे झाले, रोज १० मिनिटं बसते, पण काहीच होत नाही. माझ्यात काही कमी आहे का?"

तुमच्यात काहीही कमी नाही. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. बहुतेक माणसं सराव सोडतात ती इथेच, आणि सोडताना स्वतःवर एक शेरा मारून जातात, की हे आपल्याला जमणारं नाही. मला त्या शेऱ्याचं वाईट वाटतं. ज्यांच्या घरात मोठं आजारपण आहे, नोकरीत ताण आहे, रात्रीची झोप उडाली आहे, त्यांना या सरावाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि नेमकी तीच माणसं सगळ्यात आधी गळतात. त्यांना वाट बघायला सवड नसते.

मी उलट विचारते, काय व्हायला हवं होतं? उत्तरं साधारण ठरलेली असतात. विचार थांबायला हवे होते. डोकं रिकामं व्हायला हवं होतं. एका काकांनी सांगितलं, कपाळात प्रकाश दिसायला हवा होता. यातलं काही झालं तर होऊ द्या, पण ती फूटपट्टी लावू नका. रोज १० मिनिटं बसण्याचा फायदा त्या १० मिनिटांत शोधलात तर फारसा हाती लागत नाही. तो उरलेल्या २३ तास ५० मिनिटांत कुठेतरी असतो, आणि बरेचदा आपल्याआधी घरच्यांना दिसतो.

हे नुसतं माझ्या शब्दावर घेऊ नका. आधी शरीरात काय चालतं ते बघू.

निरोगी मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. मिनिटाला १४ धरले तरी दिवसाचे २०,००० होतात. त्यातला जवळजवळ एकही आपण मुद्दाम घेत नाही. हृदय, आतडी, यकृत यांची कामंही अशीच आपोआप चालतात. पण हृदयाला 'जरा हळू चाल' म्हटलं तर ते ऐकत नाही, श्वास मात्र ऐकतो. तो आपोआप चालतो आणि हवा तेव्हा हातातही येतो. शरीराच्या त्या बंद खोलीतल्या कारभाराला ही एक खिडकी आहे म्हणा ना.

आता एक करून बघा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवा, अंगठ्याच्या मुळाशी, जिथे नाडी लागते तिथे. ठोके नीट लागायला लागले की चार अंक मोजत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. तीन-चार वेळा केलंत की जाणवेल, श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ येतात, बाहेर जाताना लांबतात. तरुण माणसाला हे पटकन जाणवतं, वय वाढलं की फरक बारीक होतो, म्हणून साठीच्या पुढच्या मंडळींनी नाही जाणवला तर घाबरायचं कारण नाही. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. तो हृदयाला लगाम घालतो. श्वास सोडताना हा लगाम आवळला जातो आणि ठोके मंदावतात. म्हणून आपण सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवतो. त्यात जादू नाही, लगाम थोडा जास्त वेळ हातात राहतो इतकंच.

इथे एक गैरसमज बाजूला करते. 'खोल श्वास घेतला की रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो, म्हणून बरं वाटतं,' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साधा श्वास घेतानाच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचं ते यंत्र आलं, त्यावर आपण सगळ्यांनी हे आकडे पाहिलेत. भरलेल्या हंड्यात आणखी किती पाणी मावणार? उलट जोरजोरात, भराभर श्वास घेतले तर शरीरातला कार्बन डायॉक्साइड जास्त बाहेर पडतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. हळू श्वासाचा उपयोग होतो तो त्याच्या लयीमुळे.

असं तपासून बघण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली व्यायाम शिकले, पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. योगक्रियांच्या वेळी पोटातला दाब किती बदलतो, क्ष-किरणांत काय दिसतं, अशा गोष्टी ते त्या काळात मोजत होते. शंभर वर्षं झाली याला. म्हणून कुणी म्हणालं की प्राणायामाला मोजमाप कशाला, श्रद्धा पुरे, तर मी लोणावळ्याकडे बोट दाखवते.

श्वास आणि भावना यांची गाठ मेंदूत कुठे पडते, यावरही काम झालंय. मेंदूच्या देठात काही हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो श्वासाचा ताल धरतो. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या पुंजक्यातल्या काही पेशी मेंदूला जागं आणि सावध ठेवणाऱ्या केंद्राशी थेट जोडलेल्या आहेत, असं त्यांना दिसलं. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदरांचा श्वास चालू राहिला, पण ते विलक्षण शांत झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी घाबरलो की श्वास का पळतो आणि श्वास पळाला की भीती का वाढते, ही दोन्ही बाजूंनी चालणारी वाट आहे असं मानायला त्यातून आधार मिळतो.

आपल्या भाषेला ही वाट फार आधीपासून ठाऊक आहे. दम म्हणजे श्वास, आणि दम म्हणजे धीर. 'दम लागला' म्हणतो तेव्हा श्वासाबद्दल बोलतो, 'जरा दम धर' म्हणतो तेव्हा धीराबद्दल. उतावळ्या पोराला आजी म्हणायची, 'दमानं घे.' काळजी मिटली की आपण सुस्कारा टाकतो, जिवात जीव येतो.

सुस्काऱ्यावरून आठवलं. आपण नकळत दर पाच मिनिटांनी एखादा उसासा टाकत असतो. फुप्फुसांतल्या बारीक पिशव्या मिटायला लागतात, त्या पुन्हा उघडायला शरीर हा मोठा श्वास घेतं. रडून थकलेलं मूल बघा, शांत होताना हुंदक्यासरशी दोनदा श्वास आत ओढतं आणि मग लांब सोडतं. हाच प्रकार मुद्दाम करायला सांगून स्टॅनफर्ड विद्यापीठात एक अभ्यास झाला, २०२३ साली प्रसिद्ध झाला. शंभरावर माणसं, रोज फक्त ५ मिनिटं, चार आठवडे. काहींना असे उसासे, काहींना श्वासाचे आणखी दोन प्रकार, काहींना नुसतं श्वासाकडे लक्ष ठेवून बसायला सांगितलं. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. मन प्रसन्न होण्यात उसाशांचा गट पुढे राहिला. मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. सरावाचे दिवस जसे वाढत गेले, तसा हा परिणामही वाढत गेला. पहिल्या दिवशीचे पाच मिनिट आणि विसाव्या दिवशीचे पाच मिनिट घड्याळात सारखेच असतात, माणसात सारखे नसतात.

आता मूळ प्रश्नावर येऊ. तीन आठवडे झाले आणि 'काहीच होत नाही', तेव्हा खरं काय होत असतं?

मी बंगळूरला राहते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी पंधरा-वीस जण बसतात, त्यात मराठी सात-आठ, बाकी कन्नड, तमिळ, एक मल्याळी आजोबा. अकरा वर्षांत जे दिसलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना बरं वाटतं, नवलाई असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन जास्तच भटकायला लागलंय असं वाटतं. गॅस बंद केला का, हप्ता कधी भरायचा, नणंदेच्या घरच्या लग्नाला जायचं की नाही. माणूस वैतागतो, म्हणतो, आधी मी बरी होते. पण हे विचार आधीही होतेच. पंख्याचा आवाज पंखा बंद झाल्यावर कळतो ना, तसं त्यांच्याकडे आता पहिल्यांदा लक्ष जायला लागलंय. मन श्वासावरून निसटतं, आपल्या लक्षात येतं, आपण परत आणतो. बसण्याचा सगळा व्यायाम एवढाच आहे. १० मिनिटांत मन चाळीसदा निसटलं आणि चाळीसदा परत आणलं, तर तो दिवस वाया गेला असं वाटतं. मी म्हणते, चाळीस जोर काढून झाले.

हा व्यायाम मग बाहेर कामाला येतो. राग, भीती, अपमान यांचीही एक निसटण्याची वेळ असते. शब्द कानावर पडतो, छातीत काहीतरी आवळतं, कान तापतात, आणि तोंडातून उत्तर निघतं. सराव नसतो तेव्हा या चारही गोष्टी एकदमच होतात असं वाटतं. काही महिन्यांच्या सरावाने छातीत आवळतंय हे आधी कळतं. मध्ये एक फट पडते, एका श्वासाएवढी. त्या फटीत उत्तर बदलता येतं, किंवा गिळता येतं, किंवा तेच उत्तर हळू आवाजात देता येतं. राग येतोच, पण त्याच्याबरोबर फरफटत जाणं कमी होतं.

माझ्या घरातलं सांगते. माझ्या सासूबाई मूळच्या बेळगावच्या. शेवटची सहा वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश होता. त्या मला दिवसभर एकच प्रश्न विचारायच्या, "गवळी येऊन गेला काय गं?" बंगळूरमध्ये आमच्याकडे तीस वर्षांत गवळी आलेला नाही, बूथवरून पिशवी येते. पण त्यांच्या मनात बेळगावच्या घराची सकाळ चालू होती. "आला होता आई, दूध तापवून ठेवलंय," असं मी सांगायची. पाच मिनिटांनी पुन्हा, "गवळी येऊन गेला काय गं?" ज्यांनी असं आजारपण घरात काढलंय त्यांना माहीत आहे, पहिली दहा उत्तरं प्रेमाने निघतात. तिसाव्या वेळी प्रश्न ऐकायच्या आधी, नुसती पलंगाची करकर ऐकूनच दात आवळले जातात. आणि त्या माउलीला शब्द कळले नाहीत तरी आवाजाची धार कळते. चेहरा लगेच पडतो.

मी गच्चीवर बसायला लागले ती त्याच काळात, एका शेजारणीच्या आग्रहाने. पहिले दोन महिने मला काही फरक कळला नाही. कळला तो माझ्या मुलाला. तो पुण्याला शिकत होता, सुट्टीत घरी आला आणि चार दिवसांनी म्हणाला, "आई, तू आजीला उत्तर द्यायच्या आधी थांबतेस हल्ली." मी थांबत होते हे मला ठाऊकच नव्हतं. मग मी लक्ष द्यायला लागले. करकर ऐकू आली की श्वास आपोआप लांब सुटायचा, आणि उत्तर त्याच्या मागून यायचं. प्रश्न तेवढेच होते, दिवसाला चाळीस-पन्नास. थकवाही तेवढाच होता, तो कमी झाला असं मी म्हणणार नाही. रात्री पाठ टेकल्यावर मनात जी टोचणी राहायची ती मात्र हळूहळू कमी झाली. शेवटच्या वर्षी तर मीच कधी कधी सांगायची, "आई, आज गवळ्याने दूध जरा पातळ घातलंय." त्या हसायच्या, म्हणायच्या, "पाणी घालतोय मेला." आमचं दोघींचं ते बोलणं मला आजही आठवतं. त्या प्रश्नावर कधी आमचं हसणं होईल असं पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

याच ओघात एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिची कुणी आधी कल्पना देत नाही. मधल्या एखाद्या महिन्यात बसल्या बसल्या रडू येऊ शकतं. आमच्या गटातले मल्याळी आजोबा पत्नी जाऊन चार वर्षं झाल्यावर एके सकाळी रडले. मुलाबाळांसमोर त्यांनी तोवर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. दिवसभर आपण कामात, मोबाइलमध्ये, गप्पांत स्वतःला गुंतवून ठेवतो, आणि इथे दहा मिनिटं गुंतवायला काहीच नसतं. मग जे दाराबाहेर थांबलेलं असतं ते आत येतं. असं झालं तर डोळे उघडा, श्वास मोजणं सोडून द्या, नुसते बसून राहा. बहुतेक वेळा ते येऊन जातं. दुःख संपवणं हा या सरावाचा हेतू नाही. दुःख आलं तर त्याच्याजवळ बसता येतं, एवढा बळकटपणा मात्र येतो, आणि एकट्या पडलेल्या माणसाला तो फार मोलाचा असतो.

मोठं चित्र काय म्हणतं? २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या, मिळून साडेतीन हजार माणसं. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला. पण औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान वरचढ ठरतं, असं काही दिसलं नाही. मला हा निष्कर्ष आवडतो. ध्यानाने सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांना तो जमिनीवर आणतो, आणि ध्यान म्हणजे थोतांड म्हणणाऱ्यांनाही. रोज संध्याकाळी भरभर चालणाऱ्या माणसाला मी चालणं सोडून बसायला कधीच सांगणार नाही. दोन्ही करा म्हणेन.

ज्यांना डोळे मिटून बसणं परकं वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक अभ्यास. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्दी या इटालियन डॉक्टरांचा लेख आला. त्यांनी २३ जणांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला सांगितला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी जुळून आल्या. सहा म्हणजे आपण चार-सहा मोजतो तेवढाच. १० सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. तुमच्या आजी संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायच्या आणि उठल्यावर घरात कुणावर फारशा ओरडायच्या नाहीत, असं आठवतंय का? तुमच्या घरात रोज स्तोत्र म्हटलं जात असेल तर एकदा घड्याळ लावून बघा, मिनिटात किती श्वास होतात. जर तुम्ही ते भराभर उरकत असाल तर संथ करा, नवीन काही शिकायची गरज नाही.

आता किती दिवस? 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे सगळीकडे सांगतात. त्याचं मूळ गमतीशीर आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० सालच्या पुस्तकात लिहिलं. त्यातलं 'निदान' कुठेतरी गळून गेलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंत जातील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. हैदराबादच्या ताई, हे तुमच्यासाठी. तुम्ही दोन दिवस चुकले म्हणून पुन्हा 'पहिला दिवस' धरता, ते बंद करा. पतंजलींनीही अभ्यास पक्का व्हायला दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदराने, अशा तीन अटी घातल्यात. दिवसांचा आकडा त्यांनी दिलेला नाही.

थोडं सावधगिरीचं. हे वगळू नका. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर सराव सुरू केला म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करायची नाहीत. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत. आपण या मालिकेत श्वास रोखतच नाही, ते याचसाठी. काही जणांना, विशेषतः ज्यांनी मोठा धक्का सोसलाय त्यांना, डोळे मिटले की घाबरायला होतं, श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडकल्यासारखा वाटतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष पायांच्या तळव्यांवर ठेवावं, वेळ दोन मिनिटांवर आणावा. तरीही त्रास वाढत असेल तर थांबावं. आणि रोजचं काम होत नाहीये, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर श्वास मोजत बसायची ती वेळ नाही. १४४१६ हा भारत सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, मोफत आहे, कुठल्याही राज्यातून लागतो. तिथे फोन करा, डॉक्टरांना भेटा. सराव कुठे पळून जात नाही.

मग फरक पडतोय की नाही हे ओळखायचं कसं? मी गच्चीवरच्या सगळ्यांना एक साधी वही ठेवायला सांगते. बसण्याबद्दल तिच्यात काही लिहायचं नाही. 'आज छान लागलं', 'आज नाही लागलं', ही नोंद उपयोगाची नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, एवढंच लिहायचं: या आठवड्यात सगळ्यात जास्त डोकं कशावरून तापलं, आणि ते किती वेळ तापलेलं राहिलं. पहिल्या महिन्यात बँकेतल्या एका नोकरदार बाईंनी लिहिलं होतं, 'साहेब सर्वांसमोर बोलले, तीन दिवस डोक्यात.' पाचव्या महिन्यात पुन्हा साहेब, पुन्हा सर्वांसमोर, आणि पुढे लिहिलं होतं, 'जेवेपर्यंत.' साहेब बदलले नव्हते. त्यांनी ती दोन पानं मला शेजारीशेजारी धरून दाखवली. रोजच्या रोज बघितलं असतं तर हे त्यांना दिसलंच नसतं, जसं घरातलं मूल वाढताना दिसत नाही आणि सहा महिन्यांनी आलेल्या मावशीला लगेच दिसतं.

घरातल्या एखाद्या माणसाला तीन महिन्यांनी विचारा, माझ्यात काही बदल वाटतो का. आधी सांगू नका की तुम्ही कशाबद्दल विचारताय. उत्तर 'नाही' आलं तर तेही लिहून ठेवा आणि आणखी तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.

जागेचं आणि वेळेचं शेवटी. दोन खोल्यांच्या घरात शांतता मिळत नाही हे मला मान्य आहे. कुकरच्या शिट्ट्या होणार, वरच्या मजल्यावर कुणी मसाला कुटणार. शिट्टी झाली की श्वास सोडायचा, असं आमच्या गटातल्या एका वहिनींनी ठरवून टाकलंय, आणि त्यांचा सराव गटात सगळ्यात नियमित आहे. मुंबईच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर दादर ते ठाणे हा वेळ पुरतो. उभं राहायला लागलं तर डोळे उघडे ठेवून चार-सहा मोजा, पाकीट सांभाळा. सकाळ उत्तम, पण सकाळ जमत नाही म्हणून दिवसच सोडून देऊ नका. रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका, सकाळच्या चहाचं आधण ठेवल्यावर किंवा संध्याकाळी दिवा लावल्यावर.

पुढच्या भाषणात झोपेबद्दल बोलू. रात्री तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, अशा बऱ्याच जणांनी विचारलंय. त्याआधी या रविवारी वहीचं पहिलं पान लिहून ठेवा.